जागेवर खायचं आईस्क्रीम

तार आली तेव्हा मी नांदेडच्या छापखान्यात एका मोर्चाच्या पत्रकाची मुद्रितं तपासत होते. माझी सरूमावशी गेली होती. आईच्या माघारी मला वाढवलं ते तिनंच... लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. आता पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या आईस्क्रीमबद्दलच लिहावं लागेल, आणि ती ते का करायला लागली हेही.

मोठ्या दुष्काळात मावशी उमरीकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी शेजारी बसून वडिलांनी आणलेली पत्रकं वाचायचे. माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. कामावर पाण्याचे दोन रांजण होते, आमचा वेगळा. मी चिडायचे, मावशीची हातोडी थांबायची नाही. पुढे लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, त्यातल्या एकीत ती शिपाई म्हणून लागली. त्या आनंदात तिनं गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांनी हसून घेतले आणि “घरी जाऊन खाताव” म्हणत पदरात बांधले. दुसऱ्या दिवशी समोरच्या गंगाकाकूंच्या म्हशीपुढे, गव्हाणीत, मला तेच पेढे दिसले. काकू दुष्ट नव्हत्या. मावशी कामावर असताना मला ताप आला तर उशाशी बसून राहायच्या. पण बौद्धाच्या घरचं तोंडात घालायच्या नाहीत. माणूस चांगलं असलं म्हणून अन्याय लहान होत नाही, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

मी पत्रक लिहिलं. म्हशीला पेढे चारणाऱ्यांची नावं, घरांसकट. शंभर प्रती काढून आणल्या. मावशीनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

“नावं छापल्यावर खातेल का गं?”

“लाज तर वाटंल.”

“लाज वाटली की माणूस दार लावून घेतंय, माय.”

त्या रविवारी तिनं कारखान्यातून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली. पोत्यावर ठेवून हातोडीनं फोडली, खडी फोडावी तशीच, सगळे तुकडे सुपारीएवढे. आटवलेलं गार दूध कडीच्या डब्यात, डबा बादलीत, भोवती बर्फ आणि खडेमीठ. बादलीला वरून माझी पत्रकं गुंडाळायला घेतली. “तुजे कागद लई गरम हायत, बरफ टिकंल का?” म्हणाली. मी तिच्याशी बोलत नव्हते. कडी धरून ती डबा अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवत राहिली. मधेच उघडून कडेला धरलेलं लाकडी चमच्यानं खरवडायची. ओट्यावर हळूहळू बाया जमल्या.

“मशीन कुठाय सरूबाई?”

“हे काय, दोन हात.”

वाट्या भरल्या. एक जण म्हणालीच, “घरी नेते, पोरं हायत.”

“ने की. दारात जाईस्तोर दूध हुतंय.”

तेव्हा मला उमगलं. हे पदरात बांधता येत नव्हतं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या... मग शिंप्याच्या सुमननं चमचा तोंडात घातला, तिच्यामागे आणखी तिघींनी. गंगाकाकूंनी वाटी हातात धरली, पार दूध होईपर्यंत धरली, आणि ओट्यावर ठेवून गेल्या.

“बघितलंस?” मी म्हणाले.

“बघितलं. वाटी धरली की.”

पत्रकं भिजून लगदा झाली होती. मी पुन्हा छापली नाहीत, पण मावशीचं मला तेव्हा पटलंही नव्हतं. नंतर दर उन्हाळ्यात ती आईस्क्रीम करायची, दर उन्हाळ्यात काकू वाटी धरायच्या आणि दूध करून ठेवायच्या. मावशीनं कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी काकू आल्या. म्हणाल्या, “त्यो डबा मला दे. तिची आठवण.”

“डबा हितंच ऱ्हाईल काकू. रविवारी बरफ आणते. तुमी या.”

काकू उठून गेल्या. त्यांचं दुःख खरं होतं, मी कठोर झाले होते, हे मला कळत होतं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

रविवारी मी एकटीच बर्फ फोडत बसले. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. थोडा वेळ बघितलं आणि त्यांना राहवलं नाही.

“एवढाले दगड कामून घालायलीस? दे हिकडं.”

त्या आत आल्या, स्वयंपाकघरात खाली बसल्या. तुकडे सुपारीएवढे केले, डबा फिरवला. इतकी वर्षं नुसत्या वाटी धरून बसत नव्हत्या, सगळं बघत होत्या. मी वाटी पुढे केली. त्यांनी ती धरली... वितळायला लागल्यावर एक चमचा तोंडात घातला.

“खारट झालंय गं,” त्या म्हणाल्या.

झाकणाच्या कडेला मावशी कणीक लावायची, मिठाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. मी विसरले होते.

“ऱ्हाऊ द्या काकू.”

“गप बस,” त्या म्हणाल्या, आणि वाटी रिकामी होईपर्यंत खाली ठेवली नाही.