वाहतूक संथ

कोथरूडहून सुटणाऱ्या सकाळच्या बसला एक तिशीतली बाई रोज माझ्या शेजारी बसायची. मांडीवर डबा, डब्यावर फोन. कुठल्याशा बातम्यांच्या ॲपवर ती चार-चार ओळींच्या बातम्या टाकायची. लिहून झालं की बातमीचं सदर निवडायची आणि मग बातमी ॲपवर सोडायची. सदर निवडताना तिचा अंगठा क्षणभर हवेत थांबायचा.

त्या दिवशी तो थांबला, तो खाली येईचना. तिने लिहिलेलं मला दिसत होतं: बिबवेवाडीत डंपरखाली स्कूटीवरची मुलगी गेली होती. फोनवर तिचे साहेब इतके ओरडत होते की मलाही ऐकू येत होतं. "बाकीच्यांनी कधीच टाकली! आपण काय तेराव्याला टाकणार आहोत?"

"टाकतेय, सर." तिने मुलीचं नाव खोडलं, 'वाहतूक' हे सदर निवडलं आणि लिहिलं, चौकात वाहतूक संथ.

मला राहवलं नाही. "अहो, पण हा अपघात आहे ना?"

"अपघातात टाकली की सगळ्यांचे फोन वाजतात," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तिच्या आईचाही वाजेल. घरी कुणीतरी जाऊन सांगेपर्यंत राहू दे वाहतुकीत."

साहेबांचा पुन्हा फोन आला. तिने तो वाजू दिला.

पुढे ती बसला दिसली नाही. ते ॲप मात्र माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्यावर 'वाहतूक संथ' एवढंच दिसलं, तरी मी आधी माझ्या मुलीला फोन लावतो. ती स्कूटीवरून कॉलेजला जाते. ती फोन उचलेपर्यंत बस कुठे आली आहे, ते मला कळत नाही.