गायरानावरचा उलटा बाण

बाण मी उलटा काढला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी एका माणसाचं नाक भरल्या गायरानात कसं खाली केलं ते सांगणार आहे. तेव्हा मध्येच कुणी "पण मास्तर, तुमचा तो बाण" असं म्हणायला नको.

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती. जालना अजून जिल्हा व्हायचा होता. लढाईत शिट्ट्या फुंकून लोकांना दिवे मालवायला लावणारे आम्ही स्वयंसेवक बेकार झालो होतो, शिट्ट्या मात्र गळ्यात तशाच. अशात शेजारच्या शहरातले एक दातांचे डॉक्टर भेटले. त्यांना दात काढण्यापेक्षा विमान उडवण्याची हौस जास्त. तिथल्या फ्लाइंग क्लबचं दोघांना बसायचं विमान ते सुट्टीच्या दिवशी उडवत. ते म्हणाले, मी वरचं बघतो, तुम्ही खालचं बघा, लोकांच्या कामाला येऊ. झालं आमचं हवाई सेवा पथक. विमान एक, तेही दुसऱ्याचं; उडवणारा एक, तोही परगावचा; आणि खालचं बघणारे आम्ही सगळे.

खालचं बघणं म्हणजे गावाबाहेरच्या गायरानातली जनावरं हाकलायची, दगड वेचायचे आणि जमिनीवर चुन्याने मोठा बाण काढायचा. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं. वारा पाठीशी असला की ते थांबता थांबत नाही. म्हणून कोणत्या दिशेने उतरायचं ते बाणाने दाखवायचं. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, तेव्हा बाण माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी असा देखणा बाण काढला की वाकून बघावं. फक्त तो वारा जिकडे चालला होता तिकडे काढला. विमान आलं, टेकलं, आणि आमच्यासमोरून तसंच पुढे निघून गेलं. गायरान संपलं, शेजारची तूर लागली, आणि कडब्याच्या गंजीला नाक लावायच्या बेतात ते उभं राहिलं. डॉक्टर उतरले, विजारीला चिकटलेली पानं झटकली, आणि काही बोलले नाहीत.

बोलले ते आमचे पथकप्रमुख. आमच्या जालन्यातच, मस्तगड भागात, त्यांचं कापडाचं दुकान. पथकाला खाकी कापड त्यांनी दिलं, म्हणून ते प्रमुख. देहही प्रमुखाला शोभेल असा. ते माझ्यापाशी आले, माझ्या दंडावरची पथकाची पट्टी स्वतःच्या हाताने सोडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चित्रकलेचे मास्तर म्हनं. अहो, बाण काढायचा व्हता, मोर न्हवता काढायचा."

गायरान हसलं. माझी बायकोही हसली. तिचं म्हणणं, तिने फक्त पदर तोंडाला लावला होता.

त्या दिवसापासून मी 'बाणवाले मास्तर' झालो. पानवाला म्हणे, या बाणवाले. शाळेत फळ्यावर रोज कुणीतरी बाण काढून ठेवी, आणि तो माझ्याहून बरा असे. बाण पथकातल्या एका पोराकडे गेला आणि मला पोत्यांवर नेमलं गेलं. पोती मोजायची, राखायची, उचलायची.

मी मनात डूख धरला. दाढी करताना आरशात बघून उत्तरं म्हणत असे. त्यांच्या दुकानावरून जायचं बंद केलं. पायजम्याचं कापड आणायला उलट्या बाजूच्या दुकानात जाऊ लागलो, तिथलं कापड एका धुण्यात आटलं, तर तोही राग त्यांच्याच खात्यावर घातला. बायको मात्र त्यांच्याकडेच जाई. म्हणे, "तुमचं भांडण हाय, माझं न्हाई. ते कापड बराबर देतेत."

तिलाच मी संध्याकाळी अंगणात बसवून माझी बाजू समजावीत असे. तिच्याच रांगोळीने बाण काढायचा आणि म्हणायचं, "हे बघ. वारा इकडून तिकडं चाललाय. मग बाण तिकडंच असणार की. माणूस वाऱ्याला पाठ देऊन चालतो का तोंड देऊन?" ती तांदूळ निवडत "हं" म्हणे. असे किती बाण आमच्या अंगणात पडले असतील. पुढे पुढे मला तो उलटा बाणच सरळ दिसायला लागला होता.

पथक तोवर नावारूपाला आलं. राजूरला गणपतीच्या चतुर्थीला गर्दीवर पटकीची सुई टोचून घ्या सांगणारी पत्रकं टाकली. विमानातल्या दुसऱ्या जागेवर प्रत्येक वेळी प्रमुख. आमच्यापैकी प्रत्येकाला एकेक फेरी मिळेल असं ठरलं होतं. ती फेरी कुणालाच मिळाली नाही. उलट राजूरच्या लोकांनी प्रमुखसाहेबांची गूळतुला केली. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. ढेपा ठेवायला अर्थातच मी. मी ठेवतोय, ठेवतोय, आणि साहेब काही जमीन सोडत नाहीत. पाठीत उसण भरली, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली.

मग एका भादव्यात गोदावरी चढली. कुंभार पिंपळगावापर्यंत ट्रक जात होते, पुढे रस्ताच उरला नव्हता. नदीकाठची एक वस्ती चहूबाजूंनी पाण्यात, माणसं देवळाच्या आणि शाळेच्या गच्चीवर. डॉक्टरांचा निरोप आला, उद्या विमान आणतो, खायचं तयार ठेवा.

मस्तगडच्या बायकांनी दिवसभर चुली विझू दिल्या नाहीत. आमच्या शेजारच्या खाला, भीमनगरातल्या बाई, माझी बायको, साऱ्याजणी दशम्या थापत होत्या. दशमी दुधात भिजवलेली, चार दिवस टिकते. पिशव्या दुहेरी शिवल्या, आत घट्ट आणि बाहेर सैल, म्हणजे आतली फुटली तरी बाहेरची धरते. बायको पिशव्या शिवत होती तेव्हा मी म्हणालो, "उद्या उट्टं काढतो."

"काढा," ती म्हणाली. "आधी सुई ओवून द्या."

सकाळी डॉक्टर आले. त्यांचा नियम कडक होता: बसणारा माणूस आणि माल मिळून एवढंच वजन, त्यावर एक दशमीसुद्धा नाही. पत्रकांच्या वेळी हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. साहेब आपलं वजन तोंडी सांगत, आणि ते त्यांच्या लग्नातलं असे. पण आज मी धान्याच्या मोंढ्यातून मोठा तराजू आणून गायरानातल्या कडुलिंबाला टांगला होता. पोत्यांवर होतो ना मी.

साहेब गॉगल लावून निघाले. मी आडवा आलो.

"साहेब, पारड्यात बसा."

"मी? कशापायी?"

"डॉक्टरांचा नियम. आणि तुम्हाला तर सवय हाय, राजूरला बसले व्हते की."

बायका खुदखुदल्या. साहेब बसले. एका फेरीच्या नियमाएवढ्या वजनाच्या पिशव्या मी मोजून काढल्या होत्या, त्या समोरच्या पारड्यात ठेवू लागलो. हळूहळू. प्रत्येक पिशवी आधी सगळ्यांना दिसेल अशी उचलायची, मग ठेवायची. पारडं हलेना. मी आणखी ठेवल्या. शेवटी साहेब जमिनीवरून उठले तेव्हा पारड्यात पिशव्यांची रास होती आणि खाली उरल्या होत्या त्या एका हाताने उचलता आल्या असत्या.

"साहेब गेले तर ही रास इथंच राहील," मी म्हणालो. "खाली उरलेल्या तेवढ्या जातील."

कुणी हसलं नाही. हे मी धरलं नव्हतं. खाला पुढे आल्या. "हमारी रोट्यां यहीच रहेंगी क्या जी?" त्यांनी साहेबांना विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

साहेब पारड्यातून उतरले. गॉगल काढला. "मंग पिशव्या टाकायला कोन जाईल?"

डॉक्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळ्यात हलका कोण?"

आता मी कसा होतो ते सांगायला पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनात सुदाम्याचं काम मला मेकअप न करता मिळे. सगळं गायरान माझ्याकडे बघायला लागलं. उट्टं काढायच्या नादात ही जागा रिकामी झाली की कुणीतरी भरावी लागेल, हा विचारच मी केला नव्हता. शाळेच्या गच्चीहून उंच मी कधी गेलो नव्हतो, आणि तिथंही कठड्यापासून लांब उभा राही.

साहेबांनी खिशातून पट्टी काढली. माझ्या दंडाला बांधली, चांगली करकचून. "जा मास्तर," ते म्हणाले. "पिशव्या तरी सुलट टाका."

वरचं फारसं सांगत नाही. विमानाचा एका बाजूचा दरवाजा काढून ठेवला होता आणि मी त्याच बाजूला होतो. सकाळचा चहा नदी दिसायच्या आत उलटून पडला. पाणी मात्र विसरता येत नाही. शेतं नव्हती, झाडांचे शेंडे होते, आणि गच्चीवर माणसं हात हलवत होती. डॉक्टर ओरडले, "आता." मी डोळे मिटून टाकली, ती पहिली पिशवी नदीने खाल्ली. मग डोळे उघडे ठेवले. बाकीच्या गच्चीवर आणि देवळाच्या आवारात पडल्या. एक म्हातारा पिशवी छातीशी धरून वर बघत राहिला होता, तो मला बराच वेळ दिसत राहिला.

परतताना गायरान आलं. वारा दुपारपर्यंत फिरला होता, आणि सकाळचा बाण गर्दीच्या पायांखाली पुसला गेला होता. नवा बाण पांढराशुभ्र दिसत होता. बाणाशेजारी चुन्याची टोपली घेऊन एक रुंद खाकी आकृती उभी होती. एवढी रुंद आकृती पथकात एकच होती. मी बाण बघितला. तेलाच्या गिरणीच्या धुराड्याचा धूर बघितला. धूर जिकडे चालला होता, बाण बरोबर तिकडे.

उलटा बाण माझ्याइतका कुणी ओळखत नाही.

माझ्या अंगातली भीती क्षणात गेली. त्याच गायरानात, त्याच लोकांसमोर, तसाच बाण. मला फक्त गप्प बसायचं होतं. विमान तुरीत गेलं असतं आणि साहेब जन्मभर बाणवाले झाले असते. मी गप्प बसलोही. मग लक्षात आलं की विमान तुरीत गेलं तर मीही तुरीत जाणार.

"डॉक्टर," मी ओरडलो, "बाण उलटा हाय."

डॉक्टरांनी मान वळवलीसुद्धा नाही. "तुमच्यानंतर मी बाण बघतच नाही, मास्तर. धूर बघतो."

आम्ही बाणाच्या उलट दिशेने उतरलो आणि छान उतरलो. माझ्या सदऱ्यावर चहा होता. तसाच मी साहेबांपुढे गेलो. हातभर चुना लागलेले ते टोपली घेऊन उभे होते. दाढी करताना पाठ केलेलं एकही उत्तर आठवलं नाही. आठवलं ते त्यांचंच.

"साहेब," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाण काढायचा व्हता, मोर न्हवता काढायचा."

गायरान हसलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग टोपलीकडे, आणि म्हणाले, "खरं हाय मास्तर." बस, एवढंच. टोपली खाली ठेवून दुसऱ्या फेरीच्या पिशव्या उचलायला गेले. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं. पुढच्या फेरीत वर उलटीसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी घरी निघालो तेव्हा मी तो प्रसंग बायकोला परत सांगत होतो, जणू ती तिथे नव्हतीच. साहेबांचा चेहरा कसा पडला, लोक कसे हसले. मस्तगडची चढण येईपर्यंत ती ऐकत राहिली. मग थांबली आणि पदर झटकला. पदराला चुना होता.

"तो बाण त्यांनी काढलेला न्हाई," ती म्हणाली. "वारं फिरलं, बाणाचं पोरगं ट्रकासंगं गेलेलं, तुम्ही वर, आन बाकी कोन्हालाच काढता येईना. त्यांनी टोपली धरली, बाण म्या काढला. तुम्ही अंगणात शिकवला तसाच. तुम्ही बोलले तवा त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आन ऐकून घेतलं. आता दिवाळीचं कापड घ्यायला त्यांच्या दुकानात कोन्त्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा."