या कधीतरी बालाघाटला

आजवर मी हजारेक माणसांना घरी जेवायला बोलावलं असेल. त्यांतली चाळीस आली असतील. यात खोटेपणा काही नाही, आमच्याकडची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची, रीतच तशी आहे. वारासिवनीच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं, कटंगीच्या गाडीत शेजारी कुणी बसलं, की निघताना म्हणायचं, "या न जी घरी." समोरच्यानं म्हणायचं, "हौ, येतो न." मग दोघं आपापल्या वाटेनं जातात आणि दोघांनाही बरं वाटतं. केव्हा येऊ, असं मात्र कुणी विचारत नाही.

एका बाईंनी विचारलं. ती ही गोष्ट.

तेव्हा मी इटलीतल्या एका छोट्या गावात राहत होतो, समुद्राकाठी. माझं काम यंत्रांची माहितीपुस्तकं हिंदीत आणायचं. बालाघाटात हे मी कुणालाही समजावू शकलो नाही. नोकरी नाही, दुकान नाही, शेती नाही, तरी माणूस दिवसभर टेबलाशी बसलेला, म्हणजे बहुतेक आजारी असणार, असं आमच्या गल्लीचं मत होतं. धान भरडायची यंत्रं बनवणाऱ्या एका इटालियन कारखान्यानं मला कळवलं, आठ महिने इथे या, यंत्रं डोळ्यांनी बघा आणि मग लिहा. कारखान्याच्या शहरात हिवाळाभर धुकं. तिथून रेल्वेनं तासाभरावर हे गाव होतं आणि तिथे ऊन पडायचं. आठवड्यातून एकदा कारखान्यात जायचं, बाकी दिवस एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत काम करायचं. खालच्या मजल्यावर घरमालकीण. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, आणि जन्मभर गावच्या पोस्टात नोकरी केलेल्या.

समुद्राकाठचं गाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय येतं. मी पोचलो ऑक्टोबरात, तेव्हा वाळूवरच्या छत्र्या मिटून, दोरीनं बांधून गोदामात गेल्या होत्या. निम्म्या घरांना कुलपं. दुपारी एकला दुकानांची शटरं खाली यायची ती चार वाजेपर्यंत वर जायची नाहीत. तेवढ्या तीन तासांत रस्त्यावर मी आणि मांजरं. घरात मी मोठ्यानं हिंदी वाक्यं म्हणायचो. "मशीन चालू असताना आत हात घालू नये." वारासिवनीच्या गिरणीतला माणूस हे वाचून दुसऱ्या हातानं चहा पीत पहिला आत घालणार, हे मला माहीत होतं. पण त्याची आठवण यायची. माझं काम असं, की ज्या गावापासून दूर आलो त्याच गावातल्या माणसासाठी दिवसभर लिहायचं.

बायको बालाघाटात, सरकारी शाळेत शिक्षिका. ती रोज फोन करायची. पहिल्या दिवशी तिला खोलीच्या खिडकीतून फोनच्या पडद्यावर समुद्र दाखवला. तिनं नीट बघितला आणि म्हणाली, "बरा आहे. जेवले का?"

तर दुपारच्या त्या तीन तासांत मालकीणबाई मला खाली बोलवायला लागल्या. त्या सूप करायच्या, मी घरून आणलेल्या चिन्नोर तांदळाचा भात लावायचो. शिजताना त्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. त्या डोळे मिटून म्हणायच्या, सांग. मग मी सांगायचो. माझं इटालियन मोडकं, पण हात शाबूत होते. वैनगंगा सांगितली, लामत्याकडचं साल-बांबूचं रान सांगितलं, तिरोडीच्या मँगनीज खाणीच्या धुळीनं काळी झालेली झाडं सांगितली. आठवण जसजशी जास्त यायची तसतशी नदी रुंद होत गेली. नोव्हेंबरात आमच्या परसातून वाघ जायला लागला. खरं तर परसातून एकदा शेजाऱ्यांची म्हैस गेली होती, पण म्हशीला मी असं किती खुलवणार? वाघ मी टेबलावर चालून दाखवला, म्हणजे कोपरांवर. बाई हसून हसून चष्मा पुसायला लागल्या. त्या भरात, भात वाढता वाढता, मी म्हणालो, "या कधीतरी बालाघाटला. घर तुमचंच आहे."

त्या उठल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि भाताच्या ताटाशेजारी ठेवलं.

"केव्हा?"

मी घास गिळला. म्हणालो, केव्हाही. त्या म्हणाल्या, केव्हाही असा महिना नसतो. मी म्हणालो, जानेवारी बरा, थंडी असते. हा जानेवारी फार जवळ, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षाचा ठरवला आणि चष्मा घालून लिहून ठेवला. मग म्हणाल्या, "जन्मभर मी दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारले. जगभर गेली ती. मी कुठेच गेले नाही."

मी मनात म्हटलं, वर्षभरात विसरतील. आठवड्यात पासपोर्टचा अर्ज गेला. महिन्याभरात पाववाल्यानं मला विचारलं, वाघ किती वाजता येतो? न्हाव्यानं विचारलं, बाईंना चावणार तर नाही ना? सगळ्या गावाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त बालाघाटात.

शेवटी बायकोला सांगितलं. मग एकेक प्रश्न आला.

"तुमी बोलावलं, ते ठीक. मले काहून नाही सांगतलं?"

"असंच म्हणालो होतो गं. बोलण्याच्या ओघात."

"त्याईले ते मालूम आहे का?"

"नाही."

"मंग आता ते असंच नाही राह्यलं." आणि तिनं विचारलं, "गुडघे कसे आहेत त्याईचे?"

"दुखतात. जिना चढत नाहीत."

"मंग आपल्या संडासात कशा बसतीन?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी वाघाच्या काळजीत होतो.

मे महिन्यात उन्हाळी पाहुण्यांसाठी खोली रिकामी करून मी परतलो, तेव्हा घरात कमोड बसला होता. बाजूला धरायला दांडी. सगळ्या गल्लीनं येऊन बघितला. बायकोनं परसातली अडगळ काढून ऊन खायला जागा केली, नवी गादी भरून घेतली आणि इटालियनमध्ये 'जेवलात का' कसं म्हणतात ते माझ्याकडून पाठ केलं. दर रविवारी बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. स्वेटर किती लागतील, भाताला कुठलं भांडं, कुत्री भुंकतात का. मी उत्तरं द्यायचो आणि फोन ठेवल्यावर मला तिथलं सगळं आठवायचं. विचित्र होतं ते. तिथे बसून मी बालाघाटची नदी रुंद केली होती. आता बालाघाटात दुपारी एक वाजला की शटर खाली येण्याच्या आवाजाची वाट बघत बसायचो. इथे दुपारी कुणी शटर लावत नाही. मला त्या बाई यायला हव्या होत्या. आमच्या अंगणात बसून त्यांनी म्हणायला हवं होतं, की हो, हा माणूस आमच्याकडे होता. नाहीतर ते आठ महिने मी वाघासारखेच रचले, असं मलाच वाटायला लागलं असतं.

डिसेंबरात एका बुधवारी फोन आला. बुधवार, म्हणून मी आधीच उठून उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "मी येणार नाही."

डॉक्टरांनी गुडघे बघून नकार दिला होता. विमानात इतके तास, मग नागपूरहून गाडी, मग परतीचं तेच. आमच्याकडे कुणी असं सांगत नाही. आमच्याकडे म्हणतात, बघू, जमलं तर, उन्हाळ्यात नक्की. नाही हा शब्द तोंडावर ऐकायची मला सवय नव्हती. पण पोकळ होकारांत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या नकारातूनच कळलं, की त्या खरंच येणार होत्या.

"यायचं होतं," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट आला आहे. फोटो चांगला आलाय."

मी थट्टा करायला तोंड उघडलं, पण बोललो ते भलतंच. म्हणालो, "मला तुमच्या घराची फार आठवण येते. वरच्या खोलीची."

त्या थांब म्हणाल्या. फोन त्यांच्या हातात तसाच चालू. पडद्यावर त्यांच्या झग्याची किनार, मग जिन्याची एक पायरी, दुसरी. मला कळलं तेव्हा मी ओरडून सांगितलं, चढू नका, तसं नव्हतं म्हणायचं. त्या ऐकेनात. प्रत्येक पायरीवर थांबायच्या, श्वास ऐकू यायचा, मग पुढची. बायको स्वयंपाकघरातून येऊन माझ्या खांद्याशी उभी राहिली. बावीस पायऱ्या आहेत तिथे. मी कधी मोजल्या नव्हत्या, त्या दिवशी मोजल्या.

खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि समुद्र दिसला. हिवाळ्यातला, करडा, एकही होडी नाही. बाईंना धाप लागली होती, त्यामुळे तोही थोडा वरखाली होत होता.

बायकोनं पहिल्या दिवशीसारखाच नीट बघितला. मग माझ्या कानाशी म्हणाली, "त्याईले म्हना, उभ्या नोका राहू. बसा म्हना आता."

मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, इथली खुर्ची खाली नेली आहे, थांब, मी पलंगावर बसते. बसताना फोन त्यांच्या मांडीवर पडला, समुद्र कलंडला आणि छत दिसायला लागलं. त्यांना ते कळलं नाही. दिसतंय ना, असं त्यांनी विचारलं. दिसतंय, असं मी म्हणालो, आणि आम्ही दोघं नवराबायको कितीतरी वेळ त्या छताकडे बघत राहिलो.