कारखानीस सरांचा कायदा

कारखानीस सरांना पोलिसांची पत्रं वाचायला फार आवडत. दुसऱ्यांना आलेली. इथे परदेशात आमच्या मराठी मंडळींत कुणाला ट्रॅफिक पोलिसांचं पत्र आलं की ते हात पुढे करत, चष्मा लावून ते मोठ्याने वाचत आणि म्हणत, "कशावरही सही करायची नाही. आधी आपले हक्क काय ते बघू." सर वकील नव्हते. पाया लेबार भागातल्या ऑफिसात ते माझे मॅनेजर होते. पण आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण कोर्टातच उभे आहोत असं वाटावं.

त्यांच्या सल्ल्याने कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुग्धाला सायकल चुकीच्या जागी चालवल्याबद्दल एक साधं दंडाचं पत्र आलं होतं. मुदतीत दंड भरला असता तर प्रकरण तिथेच मिटत होतं. सर म्हणाले, "उत्तरच देऊ नकोस. तेच घाबरतील." मुदत टळली आणि बिचारीला कोर्टाचं समन्स आलं. त्यावर सर म्हणाले, "बरं झालं, कोर्ट बघायला मिळालं. अनुभव कुठे विकत मिळतो?"

आणि तरी मी त्यांच्या पुढेपुढे करत होतो. माझ्या पासचं, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण त्यांच्या शिफारशीने जायचं.

एका रविवारी दुपारी वुडलँड्सला एका बारशाहून आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून परत निघालो. ते चालवत होते आणि एका हाताने हवेत कलमं समजावत होते. डावीकडे वळताना झेब्रा क्रॉसिंगवर भाजीची ट्रॉली ओढत एक म्हातारे चिनी गृहस्थ आले. गाडीचा धक्का लागला आणि ते आडवे झाले. भाजी रस्ताभर पसरली.

"सर, थांबा," मी म्हणालो.

त्यांनी आरशात पाहिलं. "उठतोय तो. उठतोय," म्हणाले आणि गाडी पुढे काढली.

तो माणूस उठत नव्हता. मी मागे वळून पाहत होतो.

मी त्या दिवशी कुणाला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मंगळवारी सरांना पत्र आलं: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा. त्यांनी मला मीटिंग रूममध्ये बोलावून दार लावलं.

"तुझं रेकॉर्ड कोरं आहे. माझ्या लायसन्सवर आधीच दंडाचे पॉइंट्स आहेत. तुझं नाव लिहितो, तू फक्त हो म्हण. आणि पासचं काय ते तुला सांगायला नको."

मी विचार करतो म्हणालो. संध्याकाळी घराजवळच्या कम्युनिटी क्लबात मोफत कायदा सल्ला मिळतो, तिथे गेलो. एका तमिळ वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही साक्षीदार आहात. हो म्हणालात की आरोपी व्हाल. स्वतःला गोवणारं काही बोलायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. पण पोलिसांना खोटं सांगायचा हक्क कुणालाच नाही." दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं, ते सरांच्या पाच वर्षांच्या व्याख्यानांत नव्हतं.

सकाळी मी सरांना नाही म्हणालो. ते हसले. "भित्रा आहेस. जा."

त्याच दिवशी संध्याकाळी मी पोलिसांकडे जबाब द्यायला गेलो. तोवर सरांचं उत्तर ई-मेलने पोहोचलेलं होतं; अधिकाऱ्याने ते मला दाखवलं. गाडी चालवणारी व्यक्ती म्हणून त्यात सुनंदाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव होतं. खाली काकूंची सही. आणि त्या रविवारी काकू दिवसभर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये ड्युटीवर होत्या. एवढ्या मोठ्या कायदेपंडिताने आपल्या बायकोची ड्युटीसुद्धा तपासली नव्हती.

चौकशीत सरांनी सांगितलं, "बायको हळवी आहे. तिने माझ्या काळजीने परस्पर लिहून दिलं. मला काही माहीत नव्हतं." अधिकाऱ्याने तो जबाब काकूंना वाचून दाखवला. काकूंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि मग सगळं खरं सांगितलं.

त्या वृद्ध गृहस्थांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सरांनी आधी गुन्हा नाकबूल केला. मग मागच्या बसच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण आलं तेव्हा कबूल केला. त्यांना काही आठवड्यांची कैद झाली आणि लायसन्स गेलं. काकूंना दंड झाला. सुटल्यावर सर पुण्याला परत गेले. जाताना मंडळींच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, की इथे परक्या माणसाला न्याय मिळत नाही. कुणी उत्तर दिलं नाही. मुग्धाने तर वाचलासुद्धा नाही.

काकू गेल्या नाहीत. नोव्हेनाला कँटीनमध्ये मी त्यांना भेटलो, तेव्हा त्या डबा खात होत्या.

"सही करताना मी विचारलं होतं, मला काय होईल?" त्या म्हणाल्या. "म्हणाले, बायकांना काही करत नाहीत. मीही विश्वास ठेवला. त्याची लाज माझी मला आहे."

मी काहीतरी धीराचं बोलू लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"तू गाडीत होतास. पोलिसांकडे बुधवारी गेलास. सोमवारी का नाही?"

मी पासचं कारण सांगितलं.

काकूंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि लॅबकडे निघून गेल्या.