हॉलपुरती वेबसाईट

स्टेजवर पाथरीची एक मुलगी माइक धरून आपलं शिक्षण सांगत होती. तिचा फोटो बघायला अख्ख्या हॉलनं मोबाईल काढले होते, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच इंग्रजी पाटी दिसत होती. ‘अकाउंट सस्पेंडेड.’ पुढच्या रांगेतल्या एका मावशीनं नातवाकडून ती वाचून घेतली आणि मोठ्यानं विचारलं, "पोरगी नोकरीवरून काढली का काय?"

मी हॉलमध्ये सगळ्यात मागं उभी होते. ती वेबसाईट माझी होती. म्हणजे मी बनवलेली.

परभणीत माझं छोटं ऑफिस आहे. शाळा, दवाखाने, खतांची दुकानं यांच्या वेबसाईट मी बनवते. ही वेबसाईट होती बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याची. मेळावा रविवारी, परभणीतल्याच एका हॉलमध्ये. सोनपेठ, पाथरी, जिंतूरकडची बोरी, सगळीकडून कुटुंबं आली होती. सकाळी वंदना झाली, चहा झाला आणि परिचय सुरू होऊन थोडाच वेळ झाला तोच हे.

दरवर्षी या मेळाव्यात पुस्तिका छापायचे. फोटो, शिक्षण, अपेक्षा, खाली घरचा मोबाईल नंबर. पुस्तिका मेळाव्यापुरती राहत नसे. ती हॉटेलच्या टेबलावर जायची, पानटपरीवर जायची, आणि मुलींना वर्षभर नको त्यांचे फोन यायचे. त्यामुळे विधवा आणि घटस्फोटित बायका तर नाव द्यायला धजतच नसत. मेळाव्याच्या अध्यक्षा विमलताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी यंदा कमिटीशी भांडून पुस्तिका बंद केली आणि वेबसाईट करायला मला सांगितलं. फोन नंबर कमिटीकडेच राहणार. आत शिरायचं तर नोंदणी केलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. मग त्या घरोघरी गेल्या आणि एकेका बाईला सांगितलं, "तुझा फोटो छापणार न्हाई, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार न्हाई. माझा शब्द हाय." त्या शब्दावर पुनर्विवाहाच्या विभागात पहिल्यांदाच नावं आली होती. तो विभाग दुपारी, जेवणानंतर होता.

सूत्रसंचालन करणारे साळवे सर माइक खाली ठेवून मागं आले. ते पहिल्यापासून पुस्तिकेच्या बाजूचे.

"रेखाताई, एक काम करा. सगळ्यांची पीडीएफ काढा अन् ग्रुपवर टाकून द्या. पाच मिनिटाचं काम हाय."

मी काही बोलायच्या आत विमलताई म्हणाल्या, "टाकायची न्हाई."

"ताई, लोकं उठून जायलीत."

"जाऊ द्या. पीडीएफ एकदा गेली की माघारी येती का? मी शब्द दिलाय पोरींना." मग माझ्याकडं वळून, "रेखा, नेमकं झालं काय?"

झालं ते असं. वेबसाईट म्हणजे शेवटी फाइली. त्या चोवीस तास चालू असलेल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवाव्या लागतात. तो कॉम्प्युटर कंपनीचा, त्यातली जागा आपण भाड्यानं घेतो. याला होस्टिंग म्हणतात. स्वस्तातलं असतं ते शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर शेकडो वेबसाईट दाटीवाटीनं. आमच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलं होतं. पाथरी रोडचा जीपवाला ‘या, लय जागा हाय’ म्हणतो, तसलंच हे अनलिमिटेड. फाइली कितीही ठेवा. पण एका क्षणी किती जणांनी आत यायचं, त्याची मर्यादा बारीक अक्षरात वेगळी लिहिलेली असते. मी ती वाचली होती. आणि मेळाव्याची नोंदणी चालू होती तेव्हा रोज लोक येऊनही वेबसाईट कधी अडखळली नव्हती.

पण घरी बसून लोक आपापल्या सवडीनं येतात. मेळाव्याची रीत वेगळी. सर पुकारतात, "वधू क्रमांक अमुक," मुलगी स्टेजवर येते, आणि त्याच क्षणी अख्खा हॉल पुस्तिकेचं तेच पान उघडतो. पानांचा खळखळाट व्हायचा पूर्वी. पुस्तिका गेली तरी रीत गेली नाही. आता सगळ्यांनी एकदम तेच पान मोबाईलवर उघडलं. त्यात सगळे हॉलच्या एकाच वायफायवर, म्हणजे कंपनीच्या नजरेत सगळे एकाच पत्त्यावरून आलेले. तिथल्या सिस्टिमला वाटलं, कुणीतरी मुद्दाम धडका मारायलंय. तिनं कुलूप घातलं.

मी बाहेर जिन्यात जाऊन कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं माणसाचा आवाज आला.

"मॅडम, आपकी साइट पे अटॅक हुआ है."

"अटॅक नहीं है भैया, शादी का मेळावा है. लोग सामने बैठे हैं मेरे."

"सिस्टिम ने ऑटोमॅटिक सस्पेंड किया है. रिव्ह्यू कल होगा. आज संडे है."

"बडा प्लॅन देओ. अभी लेती मैं."

"अपग्रेड भी रिव्ह्यू के बाद, मॅडम."

"अच्छा, मेरी फाइलें तो देओ."

"सस्पेंशन में पॅनल बंद रहता है."

माझं डोकं फिरलं. फोटो मुलींचे, मेहनत माझी, भाडं वर्षभराचं आगाऊ भरलेलं, आणि मला माझ्याच फाइलींना हात लावता येत नव्हता. त्या माणसाचा दोष नव्हता. तो बिचारा समोरच्या स्क्रीनवरचं वाचत होता. पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला आणि मी फोन आपटलाच.

एक गोष्ट बरी होती. दर शनिवारी मी सगळ्या वेबसाईटची कॉपी स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेते. ऑफिसातले लोक हसतात त्याला. दुसऱ्या कंपनीकडं जागा घेऊन ती कॉपी तिथं चढवता आली असती. पण वेबसाईटचा नवा पत्ता सगळ्यांच्या मोबाईलपर्यंत पोचायला कधी कधी दिवस जातो. जेवणाची पंगत तेवढी लांबवता येत नाही.

मग डोक्यात आलं, की बघणारे सगळे तर याच छताखाली बसलेत. मग फाइली दूरच्या कॉम्प्युटरवर कशाला हव्यात? माझा लॅपटॉप पण कॉम्प्युटरच आहे.

मी विमलताईंना म्हटलं, "मला जेवणाचा वेळ द्या."

"दिला," त्या म्हणाल्या आणि माइकवरून जाहीर केलं, की जेवण तयार आहे, सगळ्यांनी आधी जेवून घ्या. स्वयंपाकी ओरडला, भात शिजायचाय म्हणून. त्याला सांगितलं, आधी पोळी-भाजी वाढ.

साळवे सर लॅपटॉपपाशी येऊन उभे राहिले. "इंटरनेटबिगर वेबसाईट चालती का कधी?"

"चालते. पण हॉलपुरती."

वायफाय म्हणजे इंटरनेट, असा पुष्कळांचा समज असतो. वायफाय नुसती वाट आहे. ती वाट इंटरनेटला जोडली तर जगभर जाते, माझ्या लॅपटॉपला जोडली तर लॅपटॉपपर्यंत. मी स्कूटीवर ऑफिसला जाऊन होते नव्हते ते राउटर पिशवीत घालून आणले. एक राउटर थोडेच मोबाईल सांभाळतो, म्हणून हॉलच्या चारी कोपऱ्यांत लावले, वायरी सतरंजीखालून घेतल्या. कॉपी लॅपटॉपवर चढवली. चालली. आता ओटीपी अडला. ओटीपीचा मेसेज बाहेरून येतो, आणि आमचं बाहेरचं दार तर बंद.

"ओटीपी कशासाठी असतो गं?" विमलताईंनी विचारलं.

"आत येणारा माणूस नोंदणी केलेलाच आहे, याची खातरजमा करायला."

"मग मी उभी राहते की दारात. मला सगळे माहीत हायत."

आणि त्या खरंच दारात खुर्ची टाकून बसल्या. जेवून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची चौकशी करून मगच वायफायचा पासवर्ड सांगायच्या. दोन तरुण नुसतेच आले होते, कुणाचे कोण ते सांगता येईना. त्यांना जेवायला घातलं, पासवर्ड दिला नाही. स्क्रीनशॉट काढायची बंदी विमलताईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात जाहीर केली. त्याच्यावर दुसरा इलाज कोणत्याच कंपनीकडं नाही.

तरी पहिल्यांदा कुणालाच काही दिसेना. वायफायवर इंटरनेट नाही हे बघून मोबाईल आपणहून मोबाईल डेटावर पळत होते. तो बंद करायला हवा होता, आणि लोक करेनात. एक आजोबा म्हणाले, "डाटा बंद केला तर फोन कसा येईल?" शेवटी साळवे सर, पीडीएफवाले, स्वतः रांगेरांगेतून फिरले आणि एकेकाच्या हातातला मोबाईल घेऊन डेटा बंद करत गेले. त्या कामाला त्यांनी नाक मुरडलं नाही, हे सांगायलाच हवं.

राहिलेल्या मुला-मुलींचे परिचय झाले. मग सर म्हणाले, "पुनर्विवाह विभाग. क्रमांक एक." सोनपेठकडची एक नर्स स्टेजवर आली. पदर सावरून तिनं माइक घेतला. हॉलनं एकदम मोबाईलवर बोटं टेकवली. मी लॅपटॉपकडं बघत होते. पान उघडलं. सगळ्यांना उघडलं. ती शांतपणे बोलली, की पहिलं लग्न मोडलंय, का मोडलं ते भेटीत सांगेन, नोकरी सोडणार नाही. तिच्यानंतर बाकीच्याही बोलल्या. एकीनंही नाव मागं घेतलं नाही. विमलताई दारातच बसून ऐकत होत्या, डोळे पुसत होत्या आणि कुणी बघितलं की दारात धूळ लय येते म्हणत होत्या.

सोमवारी सकाळी कंपनीचा मेल आला. अकाउंट पूर्ववत चालू, पुढं अशी गर्दी टाळावी. दुपारी त्या नर्सबाईंचा फोन आला.

"ताई, वेबसाईट चालू झाली का?"

"झाली की. सकाळपासून झकास चालू आहे."

"काल बंद व्हती तवा लय बरं वाटलं," ती म्हणाली. " कोण बघायलंय ते डोळ्यापुढं दिसायलं व्हतं. माझ्या पहिल्या सासरचा दीर बी लग्नाचा हाय ताई. त्यानं बी नाव नोंदवलंय. ओटीपी त्याला बी येतोच की. घरी बसून तो मला रोज बघणार. ती बंदच ठिवता येती का?"

मी लगेच विमलताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग दे बंद करून. दरवर्षी हॉलमधीच चालवू."

आता इंटरनेटवर मेळाव्याची फक्त तारीख आणि हॉलचा पत्ता असतो. तेवढ्याला ते शेअर्ड होस्टिंग पुरून उरतं. मुलींची पानं वर्षातून एक दिवस, चार भिंतींत, विमलताई दारात असतानाच उघडतात.

नवं गिऱ्हाईक आलं की होस्टिंग घेण्याआधी मी तीन गोष्टी पुढं ठेवते. एका वेळी किती माणसं आत येऊ शकतात, आणि कुलूप पडलं तर आपल्या फाइली आपल्याला मिळतात का, या दोन कंपनीला विचारायच्या. तिसरी मी गिऱ्हाइकालाच विचारते, तुमची वेबसाईट कुणाकुणाला दिसायला हवी? बहुतेक जण म्हणतात, सगळ्यांना. मग मी पुन्हा एकदा विचारते.