न धुता पाठव

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या एसी दुरुस्तीवाल्याला अख्खी इमारत ‘गारेगार’ म्हणते. नाव मीच ठेवलं. अशी पुण्यकर्मं माझ्याकडून सहज होतात. दिवसभर हा लोकांच्या गच्चीवर उन्हात एसीच्या डब्यांशी झोंबतो, खाली माणसं गारव्यात लोळतात आणि हा घरी येतो तो पिळून वाळत घालावा असा. स्वतःच्या घरात मात्र पंखा.

या परक्या मुलखात ऋतू दोनच: कोरडा घाम आणि ओला घाम. ओल्या घामाच्या महिन्यांत चपला, पट्टे, कपडे, सगळ्यांना बुरशी धरते. म्हणून जो तो कपाटात एक पिवळा बल्ब कायम चालू ठेवतो, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहतात. गारेगारच्या कपाटात त्या बल्बाशेजारची मानाची जागा एका लोकरी स्वेटरची. आईने चुलीजवळ बसून विणलेला, आणि शेवटचा. आता तिच्या बोटांत सुया ठरत नाहीत.

“घालणार कधी हो, भावजी?” मी विचारायची.

“थंडी पडली की, वहिनी.”

इथे थंडी पडणार म्हणजे माझा नवरा आपणहून भांडी घासणार!

तिकडे गावी थंडी सुरू व्हायच्या दिवसांत हा कपाट उघडायचा, स्वेटरमध्ये तोंड खुपसायचा आणि गुपचूप कपाट लावायचा. लोकरीत चुलीचा धूर होता, आईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.

“माझ्या कधी इतकं जवळ आला नाहीत,” त्याची बायको टोमणा मारायची.

यंदा त्याच बायकोने, अगदी चांगल्या मनाने, पिवळा बल्ब काढून वीज वाचवणारा पांढरा बसवला. उजेड लख्ख, ऊब शून्य. बघता बघता स्वेटरच्या पाठीवर हिरवट ठिपके उठले.

धुतला नाही तर बुरशी लोकर खाणार. धुतला तर वास जाणार. गारेगार स्वेटर मांडीवर घेऊन बसून राही.

“धुऊ का हो?” बायको विचारायची.

“उद्या बघू.”

ठिपके बाहीपर्यंत पोचले, तेव्हा त्याने तो स्वतःच धुतला. बायकोला हात लावू दिला नाही.

पण अशा दमट हवेत लोकर वाळणार कुठे? माझं दार वाजलं.

“वहिनी, तुमच्या एसीखाली हा जरा टांगू?”

“टांगा की. आत माझा नवरा झोपलाय, त्यालाही टांगलंत तरी चालेल.”

त्याने एसी सोळावर नेला. संध्याकाळपर्यंत खोलीचं बर्फघर झालं, मी चादर गुंडाळून बसले. वाळलेला स्वेटर त्याने अंगात घातला आणि गळपट्टी नाकाशी नेली. चेहराच उतरला. नुसता साबण.

तेवढ्यात आईचा फोन.

“थंडी आहे का रे तिकडे?”

“आहे.” या प्रश्नाला तो पहिल्यांदाच खरं उत्तर देत होता.

“स्वेटर घातलास?”

“घातलाय.”

“मग आवाज असा का?”

“आई, चुलीपाशी बसताना तू ती शाल घेतेस ना, ती पाठव. न धुता.”

“न धुता? अरे, कळकट झालीय ती! लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुठे दाखवतोय? न धुता हं, आई.”

यावर मला चार विनोद सुचले होते. ते मी चादरीतच ठेवले.

शाल आली. धुतलेली, इस्त्री केलेली, घडीघडीत डांबरगोळ्या.

“ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या!” बायको म्हणाली. गारेगारही हसला. मग शाल उलगडून या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत गेला. शेवटच्या गोंड्यांपाशी थांबला. डोळे मिटले ते उघडेचनात.

बायकोने मला डोळ्यानेच दार दाखवलं. जाता जाता मी कपाटात डोकावलेच. कुठल्याशा अडगळीच्या दुकानातून शोधून आणलेला पिवळा बल्ब आत जळत होता आणि त्याच्याशेजारी शालीपुरती जागा रिकामी केलेली होती.