पाच बायकांच्या वजनाची गाडी

धाकट्या भावाच्या हळदीला मला माहेरच्या दारात गाडीतून उतरायचं होतं. एसटीतून नाही, स्वतःच्या गाडीतून, रेशमी साडी न चुरगळता. त्यासाठी नवऱ्याच्या मागे लागून मी एक जुनी गाडी घ्यायला लावली होती. हळद दोन दिवसांवर आली आणि गाडीचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, मोडले.

नवरा परराज्यात, गोडादऱ्याच्या यंत्रमाग वस्तीत लूम मास्तर. दिवसभर लोकांचे माग दुरुस्त करणारा माणूस गाडी गॅरेजात देईल तर शपथ. नवे पाटे आणून त्याने दारातच काम काढलं. मागाची त्याला एकच शिस्त ठाऊक होती: जे थरथरतं ते ढिलं आहे, कसून बांधायचं. म्हणून दोन्ही बाजूंना त्याने दोन दोन पाटे जास्तीचे घातले. गाडीला थोडं हलू द्यावं लागतं, असं मी सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे फक्त पाना मागितला.

पाट्याचं पुढचं टोक बसलं, मागचं काही केल्या भोकाशी येईना. कमान इतकी ताठ की वजन पडल्याशिवाय ती सरळच होणार नव्हती. मग त्याने गल्लीतल्या बायकांना बोलावलं. तिघी मागच्या सीटवर बसल्या, दोघी उघड्या डिकीत. रिकामं बसणं कुणालाच जमत नव्हतं. सीटवरच्यांनी साड्यांना टिकल्या लावायला घेतल्या, डिकीतल्यांनी मेथी निवडायला. बोल्ट अर्धा आत गेला तेवढ्यात डिकीतली एक उठली.

"मन्हं दूध उतू जाई राह्यनं, भाऊ."

गाडी उसळली, बोल्ट निसटला आणि मेथी सगळी खाली आडव्या झालेल्या नवऱ्याच्या तोंडावर. त्याने मेथी थुंकली, मला दूध उतरवायला पिटाळलं आणि त्या बाईला पुन्हा डिकीत बसवलं.

संध्याकाळी दोन्ही बाजू बसल्या. बायका उतरल्या आणि गाय उठावी तशी गाडी मागून वर आली. आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं टपाला लागत होतं आणि नवरा रस्त्याला नावं ठेवत होता.

"आते काय?" मी विचारलं.

त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं, मग अजून दारात उभ्या असलेल्या बायकांकडे. "यास्लेच बठाडी लई जाऊत."

ह्या बायकांनाच गाडीत बसवून न्यायचं! त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. हळदीच्या दिवशी सकाळी पाचही जणी लग्नाच्या साड्या नेसून हजर. वजन मागे हवं म्हणून पिशव्या पुढच्या सीटवर आणि मी मागे पाचजणींच्या मध्ये. कोंडाईबारीच्या घाटात कुठला पाय कुणाचा हे कळेनासं झालं. गाडी मात्र लोण्यासारखी चालली, नवऱ्याने तसं चार वेळा सांगितलं.

आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. एकेक करून पाच अनोळखी बायका उतरल्या आणि शेवटी बोळा झालेली मी. परक्या मुलखात पोरगी एकटी पडली, हा घोर तिने माझ्या लग्नापासून उरी बाळगला होता. तिने प्रत्येकीवरून तुकडा ओवाळला, प्रत्येकीला जवळ घेतलं आणि ती रडायला लागली. मलाही भरून आलं. पण खरं सांगते, रागही आला. गाडीकडे तिने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.